रेनफॉरेस्टच्या तक्त्यात सिंह कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी गेली २६ वर्षं घेतोय, एक दुकानात आणि एक घरी, त्यामुळे थोडं हक्काने लिहितोय, राग मानू नका. ठाण्यात नौपाड्यात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये काय चाललंय हे आईबापांच्या आधी आम्हाला कळतं, कारण सकाळी पावणेसातला शटर अर्धं उघडलं की पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाबाच्या स्कूटरवर मागे बसलेलं पोर, आणि बाबा म्हणणार "अहो याचा प्रोजेक्ट आजच द्यायचाय आणि हा मला आत्ता सांगतोय".

तर मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पानावर "रेनफॉरेस्टमधले प्राणी" म्हणून अर्धं पान रंगीत आलं होतं. सोमवार-मंगळवार मिळून १४ मुलं तेच पान घेऊन आली, काका कलर प्रिंट द्या, काका हे चित्र मोठं करून द्या, काका नुसता सिंह सुटा मिळेल का. मी दिल्या प्रिंटा, धंदाच आहे. पण त्या पानावर सिंह आहे, जिराफ आहे, झेब्रा आहे, कांगारू आहे, "स्लॉथ" असं नाव घालून खाली फोटो आपल्या काळ्या अस्वलाचा आहे, छातीवर पांढरा व्ही असलेला, आणि खालच्या चौकटीत "ठाणेकरांच्या दारातलं वर्षावन, आपलं येऊर" असं छापलंय. साहेब यातलं एकही बरोबर नाहीये.

आता तुम्ही म्हणाल झेरॉक्सवाल्याला काय कळतं. खरंय, मलाही कळत नव्हतं. माझ्याच दुकानात "वन्य प्राणी" नावाची चित्रांची शीट वर्षानुवर्षं विकली जातेय, त्यात वाघ, सिंह, हत्ती, जिराफ, पांढरं अस्वल, पेंग्विन सगळे एकाच हिरव्या गवतावर उभे आहेत, जसं काही लग्नाचा ग्रुप फोटो काढायचाय. पोरं त्यातूनच कापून चिकटवतात, टीचर सही करतात, तक्ता वर्गात लागतो आणि एप्रिलमध्ये रद्दीत जातो. कोणी काही बोलत नाही आणि मीपण इतकी वर्षं बोललो नाही.

बोलायला लावलं ते सहावीतल्या एका मुलीने. तिच्या हातात तुमचंच पान होतं. प्रिंट निघेपर्यंत काउंटरवर हनुवटी टेकून उभी होती आणि एकदम म्हणाली, "काका, रेनफॉरेस्टमध्ये जवळपास रोज पाऊस पडतो ना, मग सिंहाची आयाळ वाळते कधी?" मागे उभे असलेले दोघंतिघं हसले. मीपण हसलो, पण उत्तर काही आलं नाही. दुपारी भाच्याला फोन लावला, तो कॉलेजात झूलॉजी शिकवतो, तर तो म्हणाला, "मामा, त्या मुलीला चॉकलेट द्या, प्रश्न बरोबर आहे, सिंह तिथे राहतच नाही". सिंह गवताळ माळाचा आणि झुडपी रानाचा प्राणी. आपल्या देशात आहे तो गीरमध्ये, आणि गीर म्हणजे कोरडं, सागाचं, उन्हाळ्यात पानं झडणारं जंगल. २०२५ च्या मोजणीत गीर आणि आसपासचा भाग मिळून ८९१ सिंह निघाले, आनंद आहे, पण त्यातल्या एकाचाही रेनफॉरेस्टशी संबंध नाही. जंगलाचा राजा म्हणतो आपण, पण ज्या जंगलात सगळ्यात जास्त प्रजा आहे तिथे याचं राज्यच नाही.

मग पुढचे दोन दिवस गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी तेच वाचत बसलो आणि भाच्याला फोन करकरून वैताग दिला. त्यात एक गंमत लक्षात आली ती तुम्हाला सांगायचीच होती. तुमच्या पानावर जो जो प्राणी चुकलाय ना, त्याच्या अगदी शेजारी, म्हणजे नावाने, दिसण्याने किंवा नात्याने शेजारी, रेनफॉरेस्टमधला खरा प्राणी बसलेला आहे. चित्र लावणाऱ्याचा हात एक घर चुकलाय एवढंच.

जिराफ आणि झेब्र्याचं घ्या. दोघं आफ्रिकेचे, पण उघड्या माळावरचे. आता काँगोच्या गच्च जंगलात ओकापी म्हणून प्राणी आहे, पाय आणि ढुंगणावर झेब्र्यासारखे पट्टे, त्यामुळे लोकांना वाटायचं झेब्र्याचा कोणीतरी, पण तो निघाला जिराफाचा सख्खा भाऊबंद, जिराफाच्या घराण्यात आज हे दोघंच उरलेत. जीभ एवढी लांब की स्वतःचे कान चाटून साफ करतो. एवढा घोड्याएवढा प्राणी, पण शास्त्रज्ञांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली थेट १९०१ साली. तिथल्या लोकांना तो आधीपासून माहीत होताच म्हणा, शोध लागला म्हणजे साहेबांना लागला. जिराफ आणि झेब्रा या दोन चित्रांच्या जागी एकटा ओकापी चालला असता, जागाही वाचली असती, उरलेल्या जागेत एक जाहिरात बसली असती.

अस्वलाची गोष्ट तर याहून भारी आहे. स्लॉथ म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला तो झाडाला उलटा लटकणारा मंद प्राणी. आपल्या अस्वलाला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात. का म्हणतात? तर १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणीशास्त्रज्ञाने याची लांब वाकडी नखं आणि दात पाहून याला स्लॉथचाच एक प्रकार ठरवून टाकलं. नंतर कळलं की बाबा हे अस्वल आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. म्हणजे तुमच्या पानावर जी चूक झालीय ती सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने करून ठेवलेली आहे, तेव्हा ज्याने कोणी तो फोटो लावला त्याला फार ओरडू नका. आपलं अस्वल वारुळं फोडून वाळवी खातं, वरचे मधले दोन दात नसतात त्याला, त्या फटीतून वाळवी व्हॅक्यूम क्लीनरसारखी ओढून घेतं, मोहाची फुलं खातं, आणि ते मेळघाट ताडोबाकडचं. खरा स्लॉथ पानं खातो, ती पचायला आठवडे लागतात, अंगावरच्या केसात हिरवं शेवाळ वाढतं आणि त्या केसात पतंग राहतात. आणि संडासला आठवड्यातून साधारण एकदा झाडावरून खाली उतरतो. एवढ्या उंचावरून जीव धोक्यात घालून खाली का यायचं यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. हे मी दुकानात सांगितलं तर पोरं लोळून हसली, आणि त्या दिवशी पाच जणांनी सिंह परत देऊन स्लॉथ नेला.

सिंहाचंही तसंच. केरळ, कर्नाटक, तामिळनाडूच्या घाटात एक काळं माकड आहे, तोंडाभोवती चांदीसारखी आयाळ आणि शेपटीला सिंहासारखा गोंडा, सिंहपुच्छ वानर म्हणतात त्याला. हे पक्कं रेनफॉरेस्टचं, झाडावरून खाली यायला नको असतं, आणि याच्यासाठी केरळात सायलेंट व्हॅली नावाच्या जंगलात होणारं धरण थांबलं, आंदोलन झालं, १९८४ ला तिथे नॅशनल पार्क जाहीर झालं. सिंह हवाच होता पानावर तर हा लावायचा.

आता येऊर. हे लिहिताना मला स्वतःलाच वाईट वाटतंय कारण मी लहानपणापासून येऊरला जातोय, पावसात सायकलवर जायचो, आणि जुलैत तिथे उभं राहिलं की कोणालाही वाटेल की हेच ते रेनफॉरेस्ट. पण साहेब, एप्रिलमध्ये जाऊन बघा. सागाची पानं पडलेली, पळस नुसता लाल, सावर उघडी बोडकी, पायाखाली कुरकुर कुरकुर. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं असं ते पानझडी जंगल आहे. रेनफॉरेस्ट म्हणजे जिथे झाडं कधीच सगळी पानं एकदम टाकत नाहीत, बारा महिने हिरवी आणि खाली ओल. येऊर संजय गांधी पार्कचाच भाग आहे, बिबट्या आहे, चांगलं जंगल आहे आणि त्याला जे आहे तेच म्हटलं तर काही कमीपणा नाही. उगाच दुसऱ्याची टोपी कशाला घालायची.

पण ठाणेकरांच्या दारातलं म्हणायचंच असेल तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बघा की. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड आणि आजूबाजूचं रान भीमाशंकर अभयारण्यात येतं, हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय, १९८५ ला झालं आणि झालंच मुळी शेकरूसाठी. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, मोठी तांबूस खार, झुपकेदार शेपूट, या झाडावरून त्या झाडावर वीस वीस फुटाची उडी. तिथलं जंगल पुस्तकात निमसदाहरित म्हणतात, म्हणजे पूर्ण रेनफॉरेस्ट नाही पण त्याच्या उंबऱ्यावरचं. श्रावणात ठाण्यातून किती गाड्या भीमाशंकरला जातात, मीही तीन सोमवार केलेत, पण सगळे खाली चपलांकडे आणि प्रसादाकडे बघत चालतात. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा मुद्दाम मान वर करून चाललो आणि रस्त्यावरच्याच झाडात काटक्यापानांचं गोल घरटं दिसलं, आणि अर्ध्या तासाने मालकीणबाई पण दिसल्या. बायको म्हणाली दर्शन झालं आता चला. दुकानात आलेल्या पोरांना मी विचारतो राज्यप्राणी कोण, तर दहातले सात जण वाघ म्हणतात. वाघ देशाचा रे बाबा. आणि याच पोरांना ॲमेझॉनकडचे मकाव पोपट, मोठ्या चोचीचा टूकन पक्षी, ॲनाकोंडा साप तोंडपाठ आहेत.

मकाववरून आठवलं, गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरचा एक माणूस माझ्याकडे कागद लॅमिनेट करायला आला, बघतो तर त्याच्या मकाव पोपटाचे सरकारी कागद. २०२४ मध्ये केंद्राचे नियम आले ना, परदेशी प्राणीपक्षी घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची म्हणून, तेच. अठराव्या मजल्यावर ठेवलाय म्हणे. हा पक्षी दक्षिण अमेरिकेतल्या मोठमोठ्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, थव्याने नदीकाठच्या मातीच्या कड्यावर जाऊन माती खातो, पन्नास पन्नास वर्षं जगतो. मी म्हटलं साहेब तुमचं वय काय, म्हणाले ५४. मग तुमच्यामागे याचं कोण करणार? त्यावर ते काही बोलले नाहीत, वीस रुपये दिले आणि गेले. आणि गंमत अशी की आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे हे अर्ध्या ठाण्याला माहीत नाही.

असो, विषय भरकटला. खरं जे सांगायचंय ते आंबोलीचं. गेल्या जुलैत साडूकडे सावंतवाडीला गेलो होतो, त्यांचा मुलगा म्हणाला काका रात्री वर आंबोलीला जाऊ, बेडूक बघायला. मी म्हटलं बेडूक बघायला घाट चढायचा? बेडूक आमच्या गटारात पण आहेत. पण गेलो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, ठाण्याच्या दुपटीपेक्षा कितीतरी जास्त. ज्या खोलीत उतरलो तिथे टॉवेल तीन दिवस वाळला नाही, बिस्किटाचा पुडा फोडला की पाच मिनिटात नरम. धुकं एवढं की टॉर्चचा उजेड भिंतीवर आपटल्यासारखा परत यायचा. आणि आवाज, काय सांगू, किडे आणि बेडूक मिळून जो काही कल्लोळ होता तो आमच्या नवरात्रातल्या डीजेला भारी, फक्त डोकं दुखत नव्हतं.

एका सिमेंटच्या टाकीवर फांदी वाकलेली होती आणि पानाला पांढरा फेस चिकटलेला, अगदी कोणीतरी फेविकॉलचा डबा उपडा केल्यासारखा. पोरगा म्हणाला हे मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना पायाने ढवळून ढवळून हा फेस करते, अंडी त्यात सुरक्षित, आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप टपटप खालच्या पाण्यात पडतात. म्हणून फांदी पाण्यावरचीच निवडायची, एक हात इकडे तिकडे झाला तर सगळी पोरं सिमेंटवर. तो बेडूकही दिसला थोड्या वेळाने, पोपटी हिरवा, बोटांमध्ये लाल पडदे, तेच पसरून झाडावरून तरंगत उतरतो. माझं वय ५७, मी तिथे टाकीपाशी उकिडवा बसलो होतो अर्धा तास, गुडघे दुखायचं विसरलो होतो.

पुढे रेलिंगजवळच्या झुडपात चापडा साप, हिरवा, त्रिकोणी डोकं, हललाच नाही. हे साप म्हणे एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतात, येईल त्याची वाट बघत, आणि एकाच जातीत कोणी हिरवा कोणी पिवळा कोणी तपकिरी. आणि रस्त्यावर एक जाडसर गांडुळासारखं काहीतरी चाललेलं, मी पाय उचलला तर पोरगा ओरडला, काका थांबा, देवगांडूळ आहे. बेडकांच्या नात्यातला प्राणी हो तो, पाय नसलेला, जमिनीत राहणारा, पावसात वर येतो आणि लोक साप समजून ठेचतात, नाहीतर गाडीखाली जातो. याची एक जात २००३ साली आंबोलीतूनच जगापुढे आली आणि तिला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलंय. आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक छोटा पिवळ्या पट्ट्यांचा भेक असतो, २००९ मध्ये त्याचं नाव पक्कं झालं, लॅटिन नावातही वाघ आहे त्याच्या, तो आंबोली आणि आसपास सोडला तर जगात कुठेच नाही. कुठेच नाही म्हणजे ॲमेझॉनवाल्यांना तो बघायचा असेल तर त्यांना सावंतवाडीची गाडी पकडायला लागेल. आणि आमची पोरं इथे ॲमेझॉनची प्रिंट काढतायत.

अजून खाली केरळात जा, तिथे एक जांभळा बेडूक आहे, फुगलेला, नाक डुकरासारखं, वर्षभर जमिनीखाली आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस अंडी घालायला वर. २००३ मध्ये नोंद झाली. त्याची सगळ्यात जवळची भावकी आहे कुठे, तर सेशेल्स बेटांवर! कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी ती बेटं आणि आपला भारत एकाच जमिनीचा तुकडा होता, जमिनीची वाटणी झाली, बेडूक दोन्हीकडे राहिले. नंतर आपला तुकडा सरकत येऊन आशियाला चिकटला. हे वाचून मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला, तो म्हणाला मामा झोपा आता.

त्या सहावीतल्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती परत आली तेव्हा मी तिला एकच गोष्ट सांगितली, चार्ट पेपर उभा धर. पोरं काय करतात, कागद आडवा ठेवतात, खाली हिरवं गवत रंगवतात आणि सगळे प्राणी त्या गवतावर वरातीसारखे रांगेत. पण हे जंगल उभं असतं, आपल्या घोडबंदरच्या टॉवरसारखं. ॲमेझॉनमध्ये झाडांचं छत तीस-चाळीस मीटरवर, म्हणजे दहा-बारा मजले, आणि काही झाडं त्याच्याही वर डोकं काढतात. आपल्या सह्याद्रीतली झाडं एवढी उंच नसतात पण हिशोब तोच. छतातून गळून खाली जमिनीवर ऊन पोचतं जेमतेम दोन टक्के, त्यामुळे खाली गवत नसतंच, अंधार आणि कुजकी पानं. फळं, फुलं, ऊन सगळं वर, म्हणून वस्ती पण वर. गच्चीवर हार्पी गरुड, तो स्लॉथ आणि माकडं उचलतो. त्याखाली मकाव, माकडं, स्लॉथ. मध्ये साप, बेडूक, सरडे. तळमजल्यावर टेपिर म्हणजे डुकरासारखा लांब नाकाचा प्राणी, जॅग्वार म्हणजे तिकडचा बिबट्यासारखा ठिपकेवाला, आणि पानं कापून नेणाऱ्या मुंग्या. या मुंग्या ती पानं खात नाहीत बरं का, वारुळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. मुंगीचं चित्र माझ्याकडे आजपर्यंत एकाही मुलाने मागितलेलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून शेजारी दुसरा टॉवर काढला, सह्याद्रीचा. वर महाधनेश, तो मोठ्या पिवळ्या चोचीचा, ज्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फट ठेवते तेवढी फक्त, आणि नर बाहेरून उंबराची फळं आणून भरवत राहतो महिनोन्महिने. टूकनची जागा याला दिली, दिसायला सारखे पण नातं काही नाही. त्याखाली शेकरू. मध्ये उडता सरडा, फासळ्यांवरची कातडी पंख्यासारखी उघडून तरंगतो तो, मग चापडा, उडता बेडूक. तळाला पिसोरी, सशाएवढं हरीण, शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे असतात, आणि खवल्या मांजर, जे मांजर नाही. दोन तास गेले, मध्ये सात-आठ गिऱ्हाईकं आली त्यांना बायकोने बघितलं आणि मला बघितलं.

तक्ता झकास झाला होता. शाळेत १० पैकी ७ मिळाले. तीन का कापले विचारलं तर म्हणाली, चार्ट आडवा पाहिजे होता, भिंतीवर बाकीच्यांच्या ओळीत बसत नाही, आणि पिसोरी म्हणून कुठला प्राणी नसतो असं लिहिलंय. ती रडली नाही, मलाच जास्त लागलं. टीचरचा तरी काय दोष, त्यांनीही तुमचंच पान बघितलं असणार, त्यात पिसोरी कुठे होती?

म्हणून साहेब माझं मागणं एवढंच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, रंगीत, दुरुस्ती छापा. कोपऱ्यात दोन ओळींची "अनवधानाने" वाली नको, ती कोणी कापून नेत नाही. आपल्या घाटातले प्राणी छापा आणि मराठी नावांनी छापा, शेकरू, पिसोरी, चापडा, देवगांडूळ, महाधनेश. हवं तर येऊरवर वेगळं पान करा, पानझडी जंगल म्हणून, त्याला मटेरियल भरपूर आहे. पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतल्या, त्यातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार आपल्या महाराष्ट्रात आहेत, तेही घाला. तुम्ही छापलंत की टीचरना दाखवायला माझ्याकडे काहीतरी कागद होईल, झेरॉक्सवाल्याचं तोंडी कोण ऐकतं. त्या पानाच्या पहिल्या शंभर कलर प्रिंटा मी फुकट काढून देईन, हे पत्रात लिहून देतोय, म्हणजे बायकोला नाही म्हणता येणार नाही.

कळावे,
आपला,
एक झेरॉक्सवाला, नौपाडा, ठाणे

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला मामा, कांगारूचं तुम्ही चुकलात. मी म्हटलं कसा काय, तो तर ऑस्ट्रेलियाच्या माळावरचा. तर न्यू गिनी बेटावर आणि ऑस्ट्रेलियाच्या वरच्या कोपऱ्यात क्वीन्सलँडच्या रेनफॉरेस्टमध्ये झाडावर राहणारे कांगारू असतात म्हणे, खरंच असतात, फोटो बघितला, तपकिरी गुबगुबीत, पुढचे हात दणकट, लांब शेपूट खाली सोडून फांदीवर बसलेला, पानं खातोय, आणि जमिनीवर उतरला की बिचाऱ्याला नीट चालता येत नाही. वरती मी "एकही बरोबर नाहीये" असं लिहिलंय ते खोडत नाही, खाडाखोड बरी दिसत नाही, पण तेवढा शब्द मागे घेतो. कांगारू राहू द्या पानावर, फक्त झाडावर चढवा.